गौतमचंदची अठाई

पहिल्या दिवशी मोहनबाई खोटं बोलल्या नव्हत्या. पुढे आयुष्यभर त्यांनी हे ज्याला त्याला सांगितलं आणि ते खरंच होतं. पर्युषणाचा पहिला दिवस. शेजारच्या कुंदाबाईंनी विचारलं, तुमचा गौतमचंद आज दुकानात दिसला नाही, बरं नाही का. मोहनबाई म्हणाल्या, "उपवास आहे त्याचा." पहाटेपासून गौतमचंदच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा टिकला नव्हता. मग त्याला उपवास नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशीही काही टिकलं नाही. दोन उपवास म्हणजे बेला झाला. तिसऱ्या दिवशी कुंदाबाई विचारायला आल्याच नाहीत, थेट हात जोडून आल्या आणि म्हणाल्या, "तेला झाला म्हणायचा." त्या दिवशी दुपारपर्यंत दोंडाईच्याच्या सगळ्या ओसवाल घरांत बातमी पोचली, की मिरचीवाल्या हस्तीमल शेठचा मुलगा तपस्येला बसला आहे. संध्याकाळी जैन स्थानकातून साध्वी महासतीजींचा निरोप आला, मनाचे भाव चढते असतील तर आठ करावेत. तेल्यावर थांबायला धर्माची काही हरकत नव्हती. पण पर्युषणात, सगळा गाव बघत असताना, थांबून मुलाला ताटावर बसवायचं तर त्याला जेवता तरी यायला हवं होतं. मोहनबाईंनी निरोप आणणाऱ्या बाईला सांगितलं, "बघू, जशी त्याची शक्ती." याचा अर्थ गावानं अठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, असा घेतला.

आतल्या खोलीत गौतमचंद अफू सोडत होता.

या घरात अफू आली ती मोहनबाईंच्या सासऱ्यांबरोबर. मारवाडातून येताना त्यांनी कुलदेवीचा टाक आणि चांदीची डबी आणली होती. म्हातारपणी त्यांच्याकडे सरकारी परवाना होता. सकाळी एक गोळी, दुपारी एक, आणि त्यांच्याबद्दल कुणी कधी वावगं बोललं नाही. सहा वर्षांपूर्वी मुतखड्यानं गौतमचंद जमिनीवर लोळायला लागला, तेव्हा मोहनबाईंनीच त्या डबीतली मुगाएवढी गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. अर्ध्या तासात पोरगा शांत झोपला. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी डबीला हळदकुंकू वाहिलं. चार दिवसांनी खडा पडला, पण गोळी चालूच राहिली. पुढे सासरे गेले, त्यांच्याबरोबर परवानाही गेला, आणि गौतमचंदनं सेंधव्याकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याशी दोस्ती केली. मुगाची गोळी आता बोराच्या बीएवढी झाली होती.

हे सगळं हस्तीमल शेठना चार वर्षं माहीत होतं. त्यावर काही करायला हवं असं त्यांना या श्रावणात वाटलं, कारण शिरपूरच्या रतनलालजींच्या मुलाशी त्यांच्या मुलीची, मंजूची, सगाई ठरत आली होती. पर्युषण संपलं की श्रीफळ द्यायचं होतं. शिरपूरवाल्यांना काही कळायच्या आत हे प्रकरण मिटवायचं, एवढाच त्यांचा बेत. पर्युषणात दुकानाला सुट्टी असते, दिवसही चांगले. त्यांनी मुलाला आतल्या खोलीत नेलं, बाहेरून कडी घातली आणि ती आठ दिवसांनी उघडेल, तोवर पाणी-जेवण खिडकीतून मिळेल म्हणून सांगितलं. गौतमचंदनं वाद घातला नाही. सत्तावीस वर्षांच्या त्या माणसाला स्वतःचाच कंटाळा आला होता.

चौथ्या दिवशी मात्र हस्तीमलना कडी उघडावी लागली. गौतमचंदच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, अंगावर काटा होता, जांभया थांबत नव्हत्या, आणि पाय तर खाटेवर सारखे आपटत होते. पोट वाहून वाहून डोळे खोल गेले होते. आत पाणी न्यायला आणि घाण काढायला घरातलं कुणी पुढे होईना, तेव्हा मिरचीच्या वखारीतला उखर्डू आला. त्यानं एकदा पाहिलं आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

"मना बाप बी खाये, शेठ," तो म्हणाला. "सोडी तवय असाच पाय झाडे. गरम पानीना शेक द्या. मी कोनले सांगस नही."

हस्तीमलना शरम वाटली. नोकरासमोर वाटली आणि त्याहून जास्त याची, की उखर्डूच्या बापाचं त्यांना कधी काही माहीत नव्हतं. त्यांनी मागच्या दारानं डॉक्टर चुडामण पाटलांना बोलावलं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. मग ते कडीकडे बघत राहिले.

"एकदम सोडवायला कोणी सांगितलं?"

"मीच ठरवलं," हस्तीमल म्हणाले.

"रोज थोडी थोडी कमी करायची होती. इतके हाल झाले नसते. आता तीन दिवस काढलेत तर मागे फिरू नका. पाय आणखी तीन-चार दिवसांत थांबतील. यानं माणूस सहसा मरत नाही, मरतो तो अंगातलं पाणी संपून. मीठ-साखरेचं पाणी द्या, तांदळाची पेज द्या. दर तासाला, घोट घोट."

हस्तीमलनी घसा खाकरला. त्यांनी डॉक्टरांना अठाईचं सांगितलं. डॉक्टरांना समजायला वेळ लागला. समजल्यावरही ते हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं.

"शेठ, उपवास करायचा तर निरोग्यानं करावा," ते म्हणाले. "आणखी दोन गोष्टी ऐका. आठ दिवसांनी कोणाला दया आली आणि त्यानं जुन्या मापाची गोळी दिली, तर ती याला झेपणार नाही. झोपेतच जाईल. अंगाची सवय मोडलेली असते, गोळी तेवढीच असते." मग ते गौतमचंदकडे वळले. "दुसरं तुमच्यासाठी. पाय थांबले की सुटलं असं समजू नका. अंगातून जाते, मनातून लवकर जात नाही. कधी समोर आली तर एकट्यानं लढू नका. कोणाला तरी हाक मारा. लाज वाटली तरी मारा."

दाराआड प्रेमकुंवर उभी होती, गौतमचंदची बायको. सासऱ्यांसमोर ती बोलत नसे आणि परक्या पुरुषासमोर तर घुंगट छातीपर्यंत. त्यामुळे डॉक्टरांना वाटलं, हे सगळं दोघांनीच ऐकलं. या घरात वडिलांसमोर मुलानं बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. काही हवं असलं तर गौतमचंद तांब्या वाजवी आणि हस्तीमल स्वतः पस्तीस वर्षं खोकत आले होते.

डॉक्टर गेल्यावर प्रेमकुंवरनं चूल पेटवली आणि तांदूळ धुतले. मोहनबाई तिच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या.

आत्तापर्यंत आपण एक अक्षर खोटं बोललो नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानं खाल्लं नव्हतं, म्हणून उपवास. पेजेचा पहिला घोट घशाखाली गेला की त्या खोट्या पडणार, सगळ्या गावासमोर, महासतीजींसमोर, आणि तेही पर्युषणात. संध्याकाळी बायका तपस्येची गाणी म्हणायला येणार होत्या. त्या तासभर चुलीशी बसल्या, पेज आटत आली तरी बोलत होत्या. सुनेनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. तिनं पेज गाळली, उकळलेल्या पाण्याचा पितळी तांब्या रिकामा केला, त्यात पेज ओतली, वर झाकण ठेवलं आणि सासूच्या समोरून खोलीत नेली. तपस्वीला उकळलेलं पाणी चालतं. तांब्यात काय आहे ते बाहेरून कोणाला दिसणार होतं?

मोहनबाई रडल्या. पेजेमुळे रडल्या असं घरात समजलं गेलं.

संध्याकाळी ओसरीवर पंचवीस-तीस बायका जमल्या. आत गौतमचंदला पोटात कळा येत होत्या, तो कण्हायला लागला की मंजू गाण्याचा सूर एक पट्टी वर नेई. तिचा आवाज मुळात साधा, पण त्या आठवड्यात तिचं गावात नाव झालं. बायका म्हणाल्या, भावाच्या तपस्येचा रंग बहिणीच्या गळ्यात उतरला. तपस्वीचं दर्शन मिळावं असा आग्रह झाला, तेव्हा दार जरा उघडून दाखवलं. भिंतीकडे तोंड करून पांघरुणात थरथरणारा माणूस बघून कुंदाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. "केवढं तेज आहे," त्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी गौतमचंदनं तांब्या स्वतःच्या हातानं धरला. सहाव्या दिवशी तो दोन तास झोपला. त्याच दिवशी शिरपूरहून एस.टी.नं रतनलालजी सपत्नीक आले.

ते तसे सगाईच्या वेळी यायचे होते. पण होणाऱ्या ब्याह्यांच्या घरी अठाई आहे असं ऐकल्यावर संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस, इथेच करायची असं त्यांनी ठरवलं. तपस्वीसाठी चांदीची वाटी आणली होती. भारदस्त माणूस, पांढरी मिशी, बंद गळ्याचा कोट, एक हात कायम कोटाच्या खिशापाशी. आल्याआल्या त्यांनी हस्तीमलना मिठी मारली आणि म्हणाले, अशा घरात मुलाचं नातं होतंय, आमचं पुण्य. हस्तीमलनी आयुष्यात मिरचीचे पुष्कळ व्यवहार केले होते, पण खराब माल इतका कौतुकानं उचललेला पाहिला नव्हता. त्यांना आनंदही होईना आणि नाहीही म्हणता येईना. दुपारी रतनलालजी ओसरीवर सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसले, हातात माळ घेऊन. हळूहळू त्यांचं डोकं छातीवर आलं आणि माळ तशीच राहिली. केवढी एकाग्रता, असं मोहनबाईंना वाटलं.

त्यांना दुसरीच काळजी होती. आठव्या दिवशी सगळे तपस्वी स्थानकात उभे राहतात, महासतीजी सर्वांसमोर पच्चक्खाण, म्हणजे त्यागाचा नेम, देतात, मग संघाकडून बहुमान होतो. गौतमचंदला संडासापर्यंत जायला उखर्डूचा खांदा लागत होता. हा तिथे उभा कसा राहणार? पडला तर? सातव्या दिवशी सकाळी त्यांनी सासऱ्यांची चांदीची डबी ट्रंकेतून काढली; गौतमचंदकडची उरलेली अफू तिच्यातच होती. एकच गोळी, फक्त उद्यापुरती, अंगात त्राण येण्यासाठी. मुलाचं दुखणं त्यांना आता बघवत नव्हतं, हेही खरं होतं.

खोलीच्या दारात प्रेमकुंवर बसली होती. सासूची मूठ तिनं पाहिली आणि उभी राहिली.

"बाई, डबी माझ्याकडे द्या."

सात वर्षांत सुनेनं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, माहेरी जायचंसुद्धा नाही.

"सासऱ्यांची आहे ती," मोहनबाई म्हणाल्या.

"डॉक्टर बापूजींना बोलले ते मी ऐकलंय. ही गोळी आता दिली तर ते झोपेतून उठणार नाहीत. बापूजींनी तुम्हाला सांगितलं नाही?"

हस्तीमलनी सांगितलं नव्हतं. घरच्या बायकांना सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. मोहनबाई खाली बसल्या. सहा वर्षांपूर्वीची मुगाएवढी गोळी आणि हातातली ही, या दोन्हींमध्ये आपलाच हात आहे, हे त्यांना स्पष्ट दिसलं आणि त्या घाबरल्या. मुलाला मारायला निघाले होते मी, असं त्यांनी मोठ्यानं म्हटलं. प्रेमकुंवरनं त्यांच्या मुठीतून डबी सोडवून घेतली.

मग आतली अफू टाकायची कुठे असा प्रश्न आला. विहिरीत टाकली तर पाण्यातले जीव मरतील, गटारात टाकली तर किडे, उकिरड्यावर टाकली तर उखर्डूची गाय तोंड लावेल. पर्युषणात एवढं पाप कोण घेणार? सासू-सुनेनं बराच वेळ विचार केला. मोहनबाई इतक्या दिवसांत प्रथमच सुनेशेजारी बसून काही ठरवत होत्या. अखेर डबी डॉक्टरांकडे पाठवायचं ठरलं. उखर्डू पदराच्या तुकड्यात बांधून ती घेऊन गेला आणि त्या दिवसापासून खोलीच्या दारात मोहनबाई स्वतः बसल्या. जपाची माळ ओढत होत्या, आणि कोणीही आलं तर आधी त्याच्या हातांकडे बघत होत्या.

दुपारी मंजू तांब्या घेऊन आत गेली. गौतमचंद भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, पण डोळे जागेवर.

"उद्या उभा राहीन मी," तो म्हणाला. "तुझं श्रीफळ होऊन जाऊ दे. तुझ्यासाठी एवढं करीन."

मंजूनं तांब्या खाली ठेवला. अठरा वर्षांची मुलगी, गेले तीन दिवस त्याचं कण्हणं गाण्याखाली दाबत होती.

"माझ्यासाठी करू नकोस, भाऊ. माझ्यासाठी सोडलीस तर माझं लग्न झाल्यावर धरशील. उद्या तुला चांदीची वाटी देतील. रोज ती बघशील आणि कोणाला सांगता येणार नाही. मग काय करशील ते मला माहीत आहे."

त्यानं तांब्या तोंडाला लावला. तिनं पेज संपेपर्यंत थांबून तांब्या नेला.

संवत्सरीला स्थानक भरलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. अकरा तपस्वी होते. गौतमचंदला खुर्ची दिली होती, पण नाव पुकारलं तेव्हा तो उभा राहिला. उखर्डू बाहेर पायरीपाशी होता, त्यानंही मान उंच केली. महासतीजींनी विचारलं, सुखसाता आहे ना. गौतमचंदनं हात जोडले.

"महाराज, मला पच्चक्खाण देऊ नका. माझी अठाई झालेली नाही. मी अफू खात होतो, सहा वर्षं. ती सोडत होतो म्हणून तीन दिवस पोटात काही राहिलं नाही. चौथ्या दिवसापासून पेज पितोय."

हस्तीमल सतरंजीकडे बघत होते. त्यांच्या मनात पहिल्यांदा शिरपूर आलं, आणि मग मुलगा आला. तो सरळ उभा होता, कोणाचा खांदा न धरता. चार वर्षांत तो असा उभा राहिलेला त्यांनी पाहिला नव्हता. बायकांच्या बाजूनं मोहनबाई उठल्या आणि म्हणाल्या, उपवास मी सांगितला, त्यानं नाही.

महासतीजींनी मोहनबाईंना हातानं बसायची खूण केली. मग त्यांनी विचारलं, "आज खाल्ली?"

"नाही."

"मग आजच्या दिवसाचं पच्चक्खाण घे. तेवढंच. उद्याचं उद्या येऊन घे."

त्यांनी ते दिलं आणि पुढचं नाव पुकारलं. चांदीची वाटी रतनलालजींच्या मांडीवर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर खमतखामणा. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं दुखावलं असेल तर क्षमा, असं म्हणत माणसं येत होती आणि जात होती. इतर वर्षी हस्तीमलच्या ओसरीवर गर्दी मावत नसे. या वर्षी गर्दी बेताची होती आणि आलेले लवकर उठत होते. कुंदाबाई मात्र आल्या, क्षमा मागितली आणि पेजेत तांदूळ कोणता घालता ते विचारून गेल्या. रतनलालजींची एस.टी. दहाची होती. श्रीफळाचा विषय त्यांनी काढला नाही, हस्तीमलनीही काढला नाही. पिशव्या दारात आल्या होत्या. मंजू आत भांडी लावत होती, गरजेपेक्षा हळू.

रतनलालजी गौतमचंदसमोर आले, हात जोडले, "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले. गौतमचंदनंही म्हटलं. इथं माणूस पुढे सरकतो. रतनलालजी सरकले नाहीत. त्यांनी गौतमचंदचा हात दोन्ही हातांत धरला, आणि सोडला तेव्हा त्यात एक डबी होती. पितळेची, लहान, कोटाच्या खिशात राहून गुळगुळीत झालेली.

"अकरा वर्षं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "घरात कोणाला माहीत नाही. आठ दिवसांत होतं का?"

डबी बंद होती, तरी गौतमचंदला वास आला. तोंडाला पाणी सुटलं, पायांची नस ओढली गेली. त्याला ती हवी होती. आठ दिवसांत कधी नव्हती इतकी आत्ता हवी होती, आणि समोर एक म्हातारा माणूस त्याच्याकडे डोळ्यांत पाणी आणून बघत होता. मूठ मिटली तर कोणाला दिसलं नसतं.

"नाही होत, ब्याहीजी," तो म्हणाला. "पाय थांबतात फक्त."

शेजारी तांब्या होता. दुसऱ्या हातानं तो वाजवता आला असता. पण आत भांड्यांचा आवाज होता, बायकोला ऐकू गेलं असतं की नाही कोण जाणे.

"प्रेमकुंवर," त्यानं हाक मारली. मग पुन्हा, आणखी मोठ्यानं, "प्रेमकुंवर, लवकर ये. हे माझ्या हातातून घे."

ओसरीवरची माणसं वळून बघायला लागली. हस्तीमल दारातच उभे होते. त्यांच्या घरात त्यांच्यासमोर सुनेचं नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं. आतून ती धावत येताना दिसली, डोक्यावरचा पदर मागे गेलेला. त्यांनी पागोटं सावरलं आणि तिला वाट मिळावी म्हणून भिंतीकडे सरकून उभे राहिले.